लिटरमागें किती किलोमीटर?

शहरांतील घरांत सकाळीं येणारें दूध, दुपारीं शिजणारी डाळ, मुलांच्या वह्या, नव्या बांधकामाचें सिमेंट, यांपैकीं बहुतेक वस्तूंनीं आपल्या प्रवासाचा कांहीं ना कांहीं भाग मालमोटारींतून केलेला असतो. वस्तु दारांत आली म्हणजे तिच्या किंमतीची चौकशी होते. पण ती दारापर्यंत येण्यास किती तेल जळलें आणि तें जाळणाऱ्या माणसास त्याचा हिशेब कसा द्यावा लागला, याची चौकशी सहसा होत नाहीं. वाहतुकीच्या धंद्यांत मात्र रोजची काळजी आणि रोजची कटकट याच हिशेबाभोंवतीं फिरत असते.

मालमोटार चालविण्याच्या एकंदर खर्चांत डिझेल ही सर्वांत मोठी बाब होय. लांब पल्ल्याच्या वाहतुकींत निम्म्याच्या आसपास खर्च एकट्या डिझेलवर होतो; टायर, टोल, विमा, दुरुस्ती, कर्जाचे हप्ते आणि चालकाचा पगार हीं सर्व उरलेल्या भागांत बसवावीं लागतात. देशाला लागणाऱ्या खनिज तेलापैकीं सुमारें ८५ टक्के तेल परदेशांतून येतें, हें लक्षांत घेतलें म्हणजे डिझेल वांचविणें हा केवळ मालकाच्या नफ्याचा प्रश्न राहत नाहीं. काटकसर झालीच पाहिजे, यांत वाद नाहीं. वाद आहे तो ती कोणाच्या हातीं आहे यासंबंधीं. वाहतूक कंपन्यांचें उत्तर बहुधा ठरलेलें असतें: ती चालकाच्या हातीं आहे. म्हणून गाडी लिटरमागें अमुक किलोमीटर गेलीच पाहिजे, असा आंकडा नेमून दिला जातो. चालकांच्या बोलींत याला ‘ॲव्हरेज’ म्हणतात. ॲव्हरेज बसलें तर ठीक, कोठें कोठें थोडें बक्षीसहि मिळतें. न बसलें तर अधिक जळलेल्या डिझेलचे पैसे चालकाच्या हिशेबांतून वळते होतात. कांहीं ठिकाणीं याहून सोपी रीत आहे. एका फेरीला अमुक लिटर डिझेल ठरवून द्यावयाचें. त्याहून अधिक लागलें तर तें चालकानें आपल्या खिशांतून भरावयाचें.

आंकड्यांतील दशांश दिसावयास लहान असतो, पण महिनाअखेर तो मोठा होतो. समजा, एका गाडीला लिटरमागें साडेतीन किलोमीटरांचें बंधन घातलें आहे आणि ती महिन्यांत ८,००० किलोमीटर चालली. ठरलेल्या प्रमाणानें तिला सुमारें २,२८६ लिटर डिझेल पुरावयास हवें. प्रत्यक्षांत तिचें ॲव्हरेज ३.२ पडलें, तर २,५०० लिटर जळलें. फरक २१४ लिटरांचा. लिटरचा भाव ९० रुपये धरला, तर ही रक्कम १९,००० रुपयांच्या वर जाते. कित्येक चालकांची महिन्याची सारी मिळकत याहून फारशी अधिक नसते. अर्थात् तीन दशांशांच्या फरकावर एका कुटुंबाचा महिना टांगलेला असतो. एवढें ज्यावर अवलंबून आहे, तो आंकडा कशाकशानें हलतो हें समजून घेणें अगत्याचें आहे.

मालकांची बाजूहि आधीं ऐकून घेतली पाहिजे. मालक गाडीबरोबर जात नाहीं. शेंकडों किलोमीटर दूर गेलेल्या गाडींत किती डिझेल जळलें आणि किती वाटेंत काढून विकलें गेलें, हें त्यास दिसत नाहीं. टांकींतून डिझेल काढून रस्त्याकडेला विकणें हें या धंद्याचें जुनें दुखणें आहे, आणि त्याचा फटका प्रामाणिक चालकांसहि बसतो. कारण संशय सर्वांवरच येतो. शिवाय चालकाच्या हातांत कौशल्य असतें, हें खोटें नव्हे. इंजिनें बनविणाऱ्या कमिन्स कंपनीच्या मार्गदर्शिकेंत असें सांगितलें आहे कीं, उत्तम चालक आणि अगदीं निष्काळजी चालक यांच्या ॲव्हरेजमध्यें सुमारें ३० टक्क्यांचें अंतर पडूं शकतें. १९६२ सालीं किर्लोस्करांच्या भागीदारींत या कंपनीचें काम पुण्यास सुरू झालें, त्यामुळें हें नांव महाराष्ट्रास चांगलें परिचयाचें आहे. तेव्हां आंकडा नेमून देण्याची कल्पनाच मुळांत चुकीची आहे, असें म्हणतां येत नाहीं. चालकाच्या अंगावर त्याचें किती आणि दुसऱ्याचें किती घातलें जातें, एवढाच प्रश्न आहे. त्याचें उत्तर शाळेंतील अंकगणितानें देतां येतें.

एका लिटर डिझेलमध्यें जी शक्ति सांठविलेली असते, ती घरच्या विजेच्या मापानें मोजली तर सुमारें दहा युनिट भरते. हे दहाहि युनिट चाकापर्यंत पोहोंचत नाहींत. रुडॉल्फ डिझेल या जर्मन यंत्रज्ञानें १८९७ सालीं ऑग्सबुर्ग येथें आपलें पहिलें यशस्वी इंजिन चालवून दाखविलें, तेव्हां इंधनांतील उष्णतेचा सुमारें चौथा भाग कामास लागला. वाफेच्या इंजिनांच्या त्या काळांत ही गोष्ट नवलाची ठरली. आजचीं मालमोटारींचीं इंजिनें चांगल्या स्थितींत असतां चाळीस टक्क्यांच्या आसपास काम देतात. बाकीची उष्णता सायलेन्सरमधून आणि रेडिएटरमधून हवेंत निघून जाते. म्हणजे दहा युनिटांपैकीं चारच युनिट गाडी चालविण्यास हातीं लागतात. उरलेल्या सहांचा खर्च निसर्गनियमानें आणि इंजिन बनविणाऱ्याच्या कारखान्यांत आधींच ठरून गेलेला असतो. चालकाचा कारभार चार युनिटांपुरता.

या चार युनिटांना तीन वाटेकरी आहेत. पहिला वाटेकरी टायर. वजनाखालीं टायर दबतो आणि पुढें सरकतांच पुन्हां फुगतो; या दबण्या-फुगण्यांत शक्ति खर्च होते. वजन जितकें अधिक तितका हा खर्च अधिक. टायरांत हवा कमी असेल तर तो आणखी वाढतो. सर्व टायरांत दहा पौंड हवा कमी असल्यास अर्धा ते एक टक्का डिझेल अधिक लागतें, असा सर्वसाधारण हिशेब आहे. हवा भरून घेणें चालकाच्या हातीं आहे. पण झिजलेला टायर बदलणें, चाकांची सरळ रेघ तपासून घेणें आणि एअर फिल्टर वेळेवर बदलणें हें मालकाच्या हातीं आहे.

दुसरा वाटेकरी हवा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाप्रमाणें वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला तर विरोध चौपट होतो. ताशीं ६० किलोमीटरांचा वेग ८० वर नेला, तर हवेचा विरोध सुमारें पावणेदोन पट होतो. मालासह ४० टन वजन असलेली मालमोटार सपाट रस्त्यानें ताशीं ६० च्या वेगानें एकसारखी चालली, तर तिला किलोमीटरमागें साधारण एक युनिट काम लागतें. म्हणजे कागदावर लिटरला चार किलोमीटर. गिअर, पंखा, ब्रेकांसाठीं हवा भरणारा काँप्रेसर यांचा वाटा वजा जातां साडेतीनच्या आसपास उरतात. तीच गाडी तेंच वजन घेऊन ताशीं ८० नें नेली, तर आंकडा तीनच्या खालीं घसरतो.

येथें चालकाची पहिली कोंडी होते. माल अमुक वाजतां पोहोंचलाच पाहिजे, असा एक हुकूम असतो. ॲव्हरेज बसलेंच पाहिजे, असा दुसरा. दोन्ही हुकूम एकाच कचेरींतून निघतात, आणि एक पाळला तर दुसरा मोडतो. १९७३ च्या तेलटंचाईनंतर अमेरिकेनें १९७४ सालीं देशभरच्या महामार्गांवर ताशीं ५५ मैलांची मर्यादा घातली, ती तेल वांचविण्यासाठींच. ती मर्यादा १९९५ सालीं उठली. पण ती होती तोंवर तेल वांचविण्यासाठीं लागणारा जादा वेळ मालक, गिऱ्हाईक आणि चालक या सर्वांनाच सोसावा लागत होता. जेथें उशीराचा दंड चालकाला आणि जादा डिझेलचा दंडहि चालकालाच, तेथें वांटणी सारखी झाली असें म्हणतां येणार नाहीं.

तिसरा वाटेकरी चढ. आणि महाराष्ट्रांत हा सर्वांत बलवान आहे. कोंकणांतून देशावर जाणाऱ्या प्रत्येक गाडीला सह्याद्रि चढावा लागतो. बोरघाटाच्या पायथ्याशीं खोपोली आहे आणि माथ्यावर लोणावळें. दोहोंच्या उंचींत सुमारें साडेपांचशें मीटरांचा फरक आहे. ४० टन वजन एवढें उंच उचलावयाचें म्हणजे सुमारें ६० युनिट काम झालें. लिटरमागें चार युनिट, म्हणून साठांना १५ लिटर. गाडी सावकाश नेली काय किंवा जोरानें नेली काय, हे पंधरा लिटर द्यावेच लागतात. कारण वजन उचलण्याचें काम वेगावर अवलंबून नसतें. योग्य गिअर राखून कुशल चालक वरचा थोडा नाश टाळील, पण मूळ रकमेंत सूट नाहीं. टायरांचा आणि हवेचा खर्च त्यांत मिळविला, म्हणजे घाटांतील त्या दहापंधरा किलोमीटरांत लिटरमागें एक किलोमीटरहि पडत नाहीं. १८६३ सालीं या घाटांतून आगगाडी सुरू झाली, तेव्हांपासून चढणीचा हा कर कोणालाहि चुकलेला नाहीं. आगगाडीला कर्जतहून मागें जादा इंजिनें जोडून देतात. मालमोटारीला अशी मदत मिळत नाहीं.

जो चढतो तो उतरतोहि. मग हे पंधरा लिटर उतरतांना परत मिळत नाहींत काय, असा प्रश्न साहजिक आहे. उतारावर इंजिनाला फारसें काम नसतें, त्यामुळें त्या दहापंधरा किलोमीटरांना सपाटीवर जें डिझेल लागलें असतें तेवढें वांचतें. हा लाभ चारएक लिटरांचा. बाकीची शक्ति ब्रेकांत आणि इंजिनाच्या अटकावांत उष्णता होऊन विरून जाते. जमेस चार आणि खर्चास पंधरा, असा हा घाटाचा ताळेबंद आहे. गाडी भरून वर गेली आणि रिकामी खालीं आली, तर तो याहून वाईट असतो; रिकामी वर जाऊन भरून खालीं आली, तर बराच चांगला. रिकाम्या गाडीचें वजन १४ टन धरलें, तर त्याच चढाला पंधराऐवजीं पांच-सवापांच लिटर पुरतात.

आतां दोन फेऱ्या शेजारीं ठेवून पाहाव्यात. एक गाडी न्हावा-शेवा बंदरांतून भरलेला कंटेनर घेऊन चाकणच्या कारखान्यास गेली. अंतर सुमारें १२० किलोमीटर धरलें, तर सपाटीच्या प्रमाणानें तिला ३४ लिटर लागावेत. त्यांत घाटाचे १५ मिळविले कीं ४९ झाले. ॲव्हरेज पडलें २.४. तीच गाडी, तोच चालक आणि तेंच वजन अहमदाबाद ते बडोदें या सपाट द्रुतगति मार्गावर घातलें, तर ॲव्हरेज साडेतीनच्या जवळ येईल. पहिल्या फेरीला चालक बेफिकीर झाला आणि दुसऱ्या फेरीला शहाणा झाला, असें नव्हे. मधें सह्याद्रि आला, एवढेंच. दोन्ही फेऱ्यांना एकच आंकडा लावणारी कचेरी डोंगराचें भाडें चालकाकडून वसूल करीत असते.

रस्त्याखेरीज आणखीहि कित्येक गोष्टी हा आंकडा खालीं ओढतात. मोठें इंजिन नुसतें चालू राहिलें तरी तासाला दोन-तीन लिटर डिझेल जातें, आणि त्या तासांत गाडी एक मीटरहि सरकत नाहीं. बंदराच्या फाटकाशीं अथवा कारखान्याच्या दाराशीं रांगेंत उभें राहून मुंगीच्या पावलानें पुढें सरकावयाचें असतें, तेव्हां इंजिन बंद ठेवणें नेहमीं शक्य नसतें. थांबून पुन्हां वेग घेणें हेंहि महागाचें आहे. ४० टनांची गाडी थांबलेल्या स्थितींतून ताशीं ६० वर आणावयास सुमारें चार दशांश लिटर डिझेल लागतें. अशा दहा थांब्यांना चार लिटर. जकातनाक्यांच्या रांगा हा पूर्वीं मोठा खर्च होता. मुंबईची जकात १ जुलै २०१७ रोजीं वस्तु व सेवा कर आला तेव्हां बंद झाली, आणि फेब्रुवारी २०२१ पासून टोलसाठीं फास्टॅग सक्तीचा झाला. त्यामुळें थांबे कमी झाले, ही गोष्ट खरी. शहराच्या वेशीवर अवजड वाहनांना ठराविक वेळीं होणारी बंदी मात्र राहिली आहे, आणि मोठ्या गोदामांच्या दारांतील ताटकळणेंहि राहिलें आहे.

भाराचेंहि तसेंच. २०१८ सालीं केंद्र सरकारनें मालमोटारींच्या भाराच्या मर्यादा वाढविल्या. तीन आंसांच्या गाडीची एकंदर वजनाची मर्यादा २५ टनांवरून २८.५ टनांवर गेली. एका फेरींत अधिक माल गेला, म्हणजे टनामागें डिझेल कमी लागलें. धंद्याला आणि देशाला हा लाभच आहे. पण लिटरमागचे किलोमीटर त्याच वेळीं घटले. ज्या कचेरीनें जादा माल भरला आणि आंकडा मात्र जुनाच ठेवला, तिनें एकाच लाभाचे दोनदां पैसे घेतले. २०२५ सालापासून नव्या मालमोटारींच्या कॅबिनमध्यें वातानुकूलन असणें सक्तीचें झालें. वैशाखांतील उन्हांत इंजिनाशेजारीं बसून दहा-बारा तास गाडी हांकणाऱ्या माणसास याची किती गरज होती, हें सांगावयास नको. पण हें यंत्रहि डिझेलवरच चालतें. आंकडा ठरवितांना त्याचा विचार झाला नाहीं, तर गारवा कागदावर राहील आणि चालक खिडक्या उघड्या टाकून घाम पुशीत जाईल.

गाडी विकतांना सांगितला जाणारा आंकडा प्रमाण मानावा, तर तेथेंहि सावधपण हवें. अवजड वाहनांच्या इंधनखर्चाचीं जीं मानकें २०१७ सालीं जाहीर झालीं, त्यांची चांचणी ताशीं ४० आणि ताशीं ६० किलोमीटर अशा एकसारख्या वेगांवर घेण्याची पद्धति आहे. एक गाडी दुसरीपेक्षां किती काटकसरी आहे, हें ताडण्यास ती उपयोगी पडते. परंतु चांचणीच्या मार्गावर घाट नसतो, रांग नसते, आणि आडवी येणारी म्हैसहि नसते.

इतकें सारें वजा केलें तरी चालकाचा स्वतःचा वाटा उरतो, आणि तो लहान नाहीं. डोळा दूरवर ठेवणें ही त्यांतली पहिली विद्या. पुढचा सिग्नल तांबडा दिसतांच ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, तर गाडी गिअरमध्येंच सरपटत जाते आणि डिझेल लागत नाहीं. शेवटपर्यंत जोरानें जाऊन ब्रेक दाबला, तर कमावलेला वेग उष्णता होऊन वाया जातो. दुसरी विद्या गिअरची. इंजिनाचे फेरे ज्या पट्ट्यांत सर्वांत किफायतशीर असतात, तो पट्टा मीटरवर बहुधा हिरव्या रंगानें दाखविलेला असतो; चढापूर्वींच योग्य गिअर घेऊन त्या पट्ट्यांत राहणें हें सरावानेंच साधतें. तिसरी विद्या संयमाची: वेग ५०-६० च्या आसपास एकसारखा राखणें आणि उभ्या गाडीचें इंजिन बंद करणें. १९७८ सालीं स्थापन झालेली पेट्रोलियम संवर्धन संशोधन संस्था चालकांस हेंच शिकवीत आली आहे.

परंतु काटकसरीच्या नांवाखालीं एक घातक चाल या धंद्यांत शिरली आहे, आणि तिच्यामुळें हा प्रश्न मालक व चालक यांच्या दोघांपुरता उरत नाहीं. ती चाल म्हणजे उतारावर गाडी न्यूट्रलमध्यें सोडणें. कोणी तर इंजिनच बंद करतात. इंजिन सुटें केलें म्हणजे डिझेल वांचलें, अशी समजूत. तीव्र उतारावर ही समजूत शास्त्रदृष्ट्या चुकीची आहे. गाडी गिअरमध्यें असून ॲक्सिलरेटरवर पाय नसेल, तर उतारावर चाकेंच इंजिनाला फिरवितात आणि त्या वेळीं इंजिनाला डिझेलचा पुरवठा बंद होतो. उलट न्यूट्रलमध्यें इंजिनाला स्वतःच्या जोरावर फिरत राहावें लागतें, म्हणून तें थोडें कां होईना, डिझेल पितें. जेथें ब्रेक दाबावाच लागतो, अशा उतारावर न्यूट्रलनें कांहींच वांचत नाहीं.

आणि गमावतें काय? गिअर सुटतांच इंजिनाचा अटकाव नाहींसा होतो आणि सारा भार ब्रेकांवर पडतो. ४० टनांची गाडी बोरघाट उतरतांना टायर व हवा आपला भाग घेतात. तरी चाळीस-पन्नास युनिट उष्णता अर्ध्या तासाच्या आंत ब्रेकांच्या ड्रमांना सोसावी लागते. दोन किलोवॅटचा गीझर वीस तासांहून अधिक वेळ चालावा, एवढी ही उष्णता. ड्रम तापून लाल होतात आणि मग ब्रेक दाबूनहि लागेनासे होतात. इंजिन बंद असेल, तर ब्रेकांना हवा पुरविणारा काँप्रेसर थांबतो आणि स्टिअरिंगहि जड होतें. पुण्याजवळ कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार अपघातांसाठीं कुप्रसिद्ध आहे. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्रीं तेथें एका मालमोटारीनें अनेक वाहनांना धडक दिली, तेव्हां गाडी इंधन वांचविण्यासाठीं न्यूट्रलमध्यें सोडली असावी, ही गोष्ट प्राथमिक तपासांत पुढें आली होती. अशा प्रसंगीं चालकास दोष दिला जातो आणि तो बऱ्याच अंशीं योग्यहि असतो. पण लिटरभर डिझेलसाठीं माणूस मृत्यूशीं खेळूं लागतो, तेव्हां त्या लिटराची भीति त्याच्या मनांत कोणी घातली, हेंहि विचारलें पाहिजे.

पगार कापण्यासंबंधीं कायदा अगदींच मुका नाहीं. १९३६ सालच्या वेतन-प्रदान कायद्यानें असें तत्त्व घातलें कीं, नोकराच्या स्वाधीन केलेल्या मालाचें नुकसान झाल्यास तें त्याच्या निष्काळजीपणामुळें वा कसुरीमुळें प्रत्यक्ष झालेलें असेल तरच त्याच्या वेतनांतून कापतां येतें. आणि कापण्यापूर्वीं त्यास आपलें म्हणणें मांडण्याची संधि दिली पाहिजे. २०१९ सालच्या वेतन संहितेंत, जी २१ नोव्हेंबर २०२५ रोजीं अमलांत आली, हेंच तत्त्व कायम ठेवलें आहे. घाटानें, रांगेनें अथवा झिजलेल्या टायरानें खाल्लेलें डिझेल चालकाच्या कसुरींत कसें बसतें, हें कापणाऱ्यानें दाखवावयास हवें. व्यवहारांत मात्र पुष्कळ चालकांजवळ नेमणुकीचा कागदच नसतो, आणि कपात पगारांतून न दाखवितां फेरीच्या भत्त्यांतून होते. कायदा पुस्तकांत राहतो आणि हिशेब वहींत.

मग न्याय्य रीत कोणती? ती फार अवघड नाहीं. पहिली गोष्ट, आंकडा गाडीला न लावतां मार्गाला लावावा. न्हावा-शेवा ते चाकण याचा आंकडा वेगळा, परतीचा वेगळा, सपाटीचा वेगळा. भरल्या गाडीचा वेगळा आणि रिकामीचा वेगळा. दुसरी गोष्ट, तो कचेरींत बसून काढूं नये. चांगल्या चालकांनीं त्याच मार्गावर केलेल्या अनेक फेऱ्यांची सरासरी घेऊन तो काढावा. तिसरी गोष्ट, उभें राहण्याचे तास वेगळे मोजावे. आजच्या इंजिनांतील विजेचीं उपकरणें चालण्याचें आणि उभें राहण्याचें डिझेल वेगवेगळें टिपून ठेवूं शकतात. टांकींतील पातळी दाखविणारें उपकरण बसविलें, तर चोरी आणि जळणें यांतील फरकहि कळतो आणि प्रामाणिक माणूस संशयांतून सुटतो. पण ही नोंद चालकालाहि पाहावयास मिळाली पाहिजे. एकानेंच वाचावयाची वही हा हिशेब नव्हे. चौथी गोष्ट, दंडापेक्षां वांटणी बरी. वांचलेल्या डिझेलच्या किंमतींतील ठराविक हिस्सा चालकाला मिळूं लागला, तर तो विद्या शिकण्यास आपण होऊन पुढें येईल. दंडाच्या भीतीनें मनुष्य शिकत नाहीं, लपवूं लागतो. आणि पांचवी गोष्ट ही कीं, उतारावर न्यूट्रल वापरणाऱ्यास ॲव्हरेज कितीहि चांगलें आलें तरी बक्षीस मिळतां कामा नये, आणि गिअरमध्यें सावकाश उतरणाऱ्याचा वेळ कापला जातां कामा नये.

मापाशिवाय काटकसर होत नाहीं, हें खरें. पण दुकानदारानें तराजू हातीं घ्यावयाचा तो दोन्ही पारड्यांसाठीं. एका पारड्यांत चालकाचें डिझेल घातलें, तर दुसऱ्यांत घाटाची उंची, मालाचें वजन, रांगेंतील तास आणि वेळेवर पोहोंचण्याचा हुकूम हीं सारीं घातलीं पाहिजेत. तसें केलें म्हणजे चालकाच्या खऱ्या कसुरीचें माप फार थोडें भरेल, आणि जें भरेल तें मान्य करण्यास तोहि कांकूं करणार नाहीं. शहरांतील गृहस्थांचा यांत संबंध काय, असें कोणी विचारील. संबंध दुहेरी आहे. माल आजच्या आज आणि फुकट पोंचता व्हावा, हा आग्रह शेवटीं याच हिशेबांत येऊन बसतो. आणि सुटीच्या दिवशीं मुलाबाळांसह घाट उतरणाऱ्या त्यांच्या मोटारीच्या मागून जी मालमोटार येत असते, ती गिअरमध्यें आहे कीं न्यूट्रलमध्यें, हेंहि त्याच हिशेबावर ठरत असतें.